मोटारसायकलची निगा

(एका गावच्या वाचनवर्गात केलेले भाषण)



तुमच्या वर्गाच्या गुरुजींनी मला निरोप धाडला. "एकदा या आणि चार शब्द सांगा," म्हणाले. मी म्हटले, "गुरुजी, मी पडलो गॅरेजवाला. माझे हात ऑईलने काळे. मी काय भाषण करणार?" गुरुजी म्हणाले, "वर्गातल्या पुष्कळ जणांच्या दारात मोटारसायकल आहे. तिच्याविषयीच सांगा." म्हणून आलो. हे काही भाषण नाही. कामाच्या चार गोष्टी आहेत. काही समजले नाही तर मध्येच विचारा. संकोच करू नका.

आधी मीच तुम्हाला एक विचारतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण काय करतो? बैलाची खांदेमळणी करतो. त्याच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतो. त्या खांद्यावर जू असते. चोळताना आपल्या हाताला कळते. इथे सूज आहे. इथे गाठ आहे. इथे कातडे सोलले आहे. मग आपण औषध करतो, चार दिवस विसावा देतो. खांदे चोळणे ही माया झाली. पण त्या मायेत तपासणीही आहे.

मोटारसायकलचेही तसेच आहे. गाडी धुणे म्हणजे नुसती चकचकीत करणे नव्हे. गाडी धुणे म्हणजे तिच्या अंगावरून हात फिरवणे. कुठे काय सैल झाले, कुठे झिजले, कुठे गळते, ते बघणे. आज मला मुख्य सांगायचे ते एवढेच. बाकीचे सगळे त्याच्या पोटात येते.

दसऱ्याला माझ्याकडे कितीतरी गाड्या येतात. टाकी आरशासारखी असते. हँडलला झेंडूचा हार असतो. खाली वाकून बघावे तर चेन कोरडी ठणठणीत आणि ब्रेक घासून संपलेला! वरून पूजा आणि खालून उपास. अशा गाडीवर आपण बायकोला बसवतो, टाकीवर पोराला बसवतो आणि घाट उतरतो. बैलाच्या बाबतीत आपण असे कधी केले नसते.

आता धुण्याची रीत सांगतो.

शेतावरून आलात की लगेच पाणी मारू नका. इंजिन आणि सायलेन्सर तापलेला असतो. तापल्या तव्यावर गार पाणी टाकले तर काय होते, ते घरातल्या बाईला विचारा. अर्धा तास गाडी सावलीत उभी करा. तोवर चहा घ्या. पोरांना सायलेन्सरपासून लांब ठेवा. त्याचा चटका पोटरीला बसला की मोठा फोड येतो.

गाडी नदीत किंवा ओढ्यात नेऊन धुऊ नका. विहिरीच्या काठावर आणि गुरांच्या हौदाजवळही धुऊ नका. गाडीचे ऑईल पाण्यावर पसरते. तेच पाणी गुरे पितात. तेच आपल्या पोटात जाते. घरापुढे दोन बादल्या पाणी घेतले तरी गाडी स्वच्छ होते.

दोन फडकी घ्या. एक वरच्या अंगाला, एक चाकांना. चाकाचे फडके टाकीला लावले तर खड्यांनी रंगावर ओरखडे पडतात. आधी नुसत्या पाण्याने चिखल भिजवा. मग साबणाच्या पाण्याने वरून खाली पुसत या. मडगार्डच्या आतला चिखल काडीने काढा. तो ओला राहिला की पत्रा आतून गंजतो.

गावोगावी आता जोरात पाणी मारणारी यंत्रे आली आहेत. ती बरी आहेत. पण चाकाच्या मधोमध, सायलेन्सरच्या तोंडात, हँडलवरच्या बटणांवर आणि सीटखालच्या वायरींवर धार मारू देऊ नका. चाकाच्या मध्यात बेअरिंग असते. तिथले ग्रीस वाहून गेले की चाक घरघरायला लागते. आणखी एक कारण आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-सहा हा धुराचा नियम लागू झाला. तेव्हापासून बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आले. त्याला वायरी पुष्कळ असतात. त्यांच्या जोडात पाणी शिरले तर गाडी उभी राहते.

धुऊन झाले की कोरड्या फडक्याने पुसा. इंजिन दोनचार मिनिटे उघड्यावर चालू ठेवा. बंद खोलीत कधीही चालू ठेवू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, पण तो माणसाचा जीव घेतो. मग गाडी सावकाश दहावीस पावले चालवा आणि दोन्ही ब्रेक तीनचार वेळा दाबा. ओला ब्रेक नीट धरत नाही. तो सुकल्याशिवाय रस्त्याला लागू नका.

आता बघण्याकडे येतो. त्यासाठी एक गोष्ट सांगतो.

आमच्या बाजूला एक दूधवाले भाऊ आहेत. दोन्ही अंगाला दुधाच्या किटल्या अडकवून रोज पहाटे तालुक्याला जातात. त्यांना गाडीकडे बघायला वेळ नसतो. आठवड्याला गाडी त्यांची बायको धुते. तिला गाडी चालवता येत नाही. पण बाई मोठी बारीक नजरेची. एकदा चाक पुसताना तिला मागच्या ब्रेकजवळच्या एका नटाभोवती गंजाचा लाल ओघळ दिसला. बाकीच्या नटांना तसा ओघळ नव्हता. तिने बोट लावले. नट बोटाने फिरला! ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, हे काहीतरी सैल झालंय. तुम्ही उद्या गाडी नेऊ नका." भाऊ म्हणाले, "अगं, चालतंय की! कालच तर जाऊन आलो." तिने किल्ली कमरेला खोचली. शेवटी त्यांनी मला घरी बोलावले.

मी बघितले आणि माझ्या अंगावर काटा आला. मागच्या ब्रेकची ताकद अडवून धरणारी एक पट्टी असते. तो नट त्या पट्टीचा होता. त्यातली पिन पडून गेली होती. उतारावर किटल्यांच्या ओझ्यासकट ब्रेक दाबला असता आणि ती पट्टी सुटली असती, तर ब्रेकचे झाकण गरकन फिरले असते आणि चाक जागेवर अडकले असते. पुढचे मी सांगायला नको. नवी पिन काही आण्यांच्या मोलाची. पण ती बघणारी नजर लाखाची.

म्हणून पुसताना प्रत्येक नटाला हात लावा. नटाभोवती लाल ओघळ दिसला तर समजा की तिथे काहीतरी हलते आहे. आपल्या पान्याने आवळता आला तर आवळा. ब्रेकचे आणि चाकाचे काम असेल तर जाणत्याला दाखवा.

चाकापासून सुरुवात करा. टायरमध्ये बाभळीचा काटा, खिळा, काच रुतली आहे का बघा. आऱ्यांवरून बोट फिरवा. सैल आरा बोटाला लगेच कळतो. टायरच्या खाचेत मध्ये मध्ये बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आले की त्याचे दिवस भरले. असे टायर पावसात घसरते.

मग हवा. इथे तुमची अक्षरओळख कामाला येते. पुष्कळ गाड्यांवर चेनच्या कव्हरपाशी एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर हवेचे आकडे असतात. आजवर आपण हवावाल्याला म्हणत होतो, "भर बाबा तुझ्या अंदाजाने." आता पट्टी वाचा आणि आकडा सांगा. १०० सीसीच्या एखाद्या गाडीवर पुढच्या चाकाला २५, मागच्या चाकाला एकटा माणूस असला तर २८ आणि दोघे असले तर ४१ असे लिहिलेले असते. तुमच्या गाडीच्या पट्टीवर जे असेल ते खरे. दोघांसाठी मागे किती जास्त हवा लागते, बघा! कमी हवेवर दोघे बसले की गाडी लपकते, टायर तापते आणि पेट्रोल जास्त जाते. हवा टायर गार असताना बघावी. दूर चालवून आल्यावर आकडा फुगलेला दिसतो.

ब्रेकची गोष्ट थोडक्यात सांगतो. ब्रेकचा दांडा दाबताना सुरुवातीला थोडा मोकळा जातो आणि मग धरतो. तो मोकळेपणा किती असावा, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. तो वाढला तर समायोजनाचा नट आवळून कमी करता येतो. पण नंतर चाक हाताने फिरवून बघा. चाक मोकळे फिरले पाहिजे. अनेक गाड्यांच्या मागच्या ब्रेकवर एक बाण आणि एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला टेकला, तर आतले लायनर संपले. मग आवळत बसू नका, नवे टाका. पुढे डिस्क ब्रेक असेल तर हँडलजवळच्या डबीत ब्रेक ऑईल असते. ते खालच्या खुणेखाली गेले तर गॅरेजात दाखवा. आणि ब्रेकला तेल, ग्रीस, डिझेल यांतले काहीही लागू देऊ नका. तेल लागलेला ब्रेक असून नसल्यासारखा.

आता चेन. मंडळी, हे माझे डाव्या हाताचे बोट बघा. वरचे पेर नाही. पोरवयात मी उस्तादाच्या हाताखाली काम शिकत होतो. उस्ताद जेवायला गेले होते. मला चेन लवकर साफ करायची होती. मी गाडी स्टँडवर लावली, इंजिन चालू केले, गिअर टाकला आणि फिरत्या चेनला फडके धरले. वाटले, चेन आपोआप फिरेल आणि काम पटकन होईल. फडके दातेरी चाकात सापडले. फडक्यामागोमाग बोट गेले. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. माझी दोन मिनिटे वाचणार होती. त्यापायी पेर गेले ते कायमचे. हा हात मी वर्गात दाखवतो, कारण तुमचे हात शाबूत राहावेत.

म्हणून चेन साफ करताना इंजिन बंद. किल्ली काढून खिशात. गाडी मधल्या स्टँडवर आणि गिअर न्यूट्रलमध्ये. चाक हाताने हळूहळू फिरवायचे. हाताने फिरवतानासुद्धा चेन जिथे दातांवर चढते तिथे बोट न्यायचे नाही.

जुना ब्रश घ्या. थोडे रॉकेल किंवा डिझेल घ्या. पेट्रोल घेऊ नका, ते ठिणगीने पेटते. बिडी आधी विझवा. ब्रशने चेन घासा, फडक्याने कोरडी करा आणि मग गिअर ऑईलचे थेंब आतल्या बाजूने सोडा. दहा मिनिटांनी वरचे जास्तीचे ऑईल पुसून टाका. ओथंबलेल्या चेनवर धूळ बसते. धूळ आणि तेल मिळून सहाणेसारखे काम करतात आणि चेन घासून जाते. साधारण ५०० ते ७०० किलोमीटरला एकदा वंगण करावे. पावसाळ्यात आणि उसाच्या चिखलात त्याआधीच. चेन पूर्ण झाकलेली असेल तर कव्हर काढून हे काम गॅरेजात करून घ्या.

चेनचा ताणही बघा. खालच्या चेनला मधोमध काठीने वरखाली करून बघायचे. बहुतेक लहान गाड्यांना एकूण २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक इंच हालचाल लागते. फार सैल चेन उतरते. फार ताठ चेन लवकर झिजते आणि तुटते. जुवाची जोती जशी धड सैल नाही, धड ताठ नाही, तशी ती हवी.

आता बायांसाठी एक सांगतो. मागच्या चाकाशेजारी डाव्या बाजूला जी जाळी असते, तिला साडीगार्ड म्हणतात. ती शोभेची नाही. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून ती कायद्याने सांगितलेली आहे. काही पोरे ती काढून ठेवतात. म्हणतात, गाडी छान दिसते. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर क्षणात माणूस खाली येतो. तेव्हा ताई, गाडीवर बसण्याआधी ती जाळी हलवून बघा. जाळी नसेल तर बसू नका. खुशाल सांगा, गॅरेजवाल्याने सांगितले आहे.

(इथे मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "आमच्या राजदूतला असलं काही लागत नव्हतं. पेट्रोलात ऑईल टाकलं की झालं!")

आजोबा, बरे झाले बोललात. राजदूत ही दोन स्ट्रोकची गाडी होती. तिच्या पेट्रोलातच ऑईल मिसळायचे. ते जळून धुरावाटे जायचे. म्हणून धूर निळा यायचा. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. ती चार स्ट्रोकची. आज दारोदारी दिसतात त्या पेट्रोलच्या मोटारसायकली चार स्ट्रोकच्याच. त्यांत ऑईल पेट्रोलात टाकायचे नसते. ते इंजिनच्या पोटात वेगळे असते आणि तेच तेच फिरत राहते. बैलगाडीच्या कण्याला वंगण, तसे ते इंजिनचे वंगण. ते संपले तर बैलगाडी नुसती कुरकुरते. इंजिन मात्र आतून घासून जाम होते.

म्हणून ऑईल आठवड्याला बघा. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा. इंजिन दोनतीन मिनिटे चालवून बंद करा आणि तेवढाच वेळ थांबा. मग ऑईलचे बूच काढा. त्याला एक पट्टी असते. ती पुसून पुस्तकात सांगितल्याप्रमाणे परत आत घाला आणि बाहेर काढून बघा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवे. खालच्या खुणेखाली असेल तर गाडी चालवू नका, आधी ऑईल घाला. वरच्या खुणेच्या वर भरणेही चांगले नाही. ऑईल काळे झाले म्हणजे बिघडलेच असे नाही. ते आतली घाण धरून ठेवते, म्हणून काळे होते. बदलायची वेळ रंगावरून नव्हे, किलोमीटरवरून ठरते. ऑईल मोटारसायकलचेच घ्या. चारचाकीचे काही ऑईल घातले तर क्लच घसरतो. आणि जुने ऑईल गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजात द्या.

गाडीला नाकही असते. त्याला एअर फिल्टर म्हणतात. आपल्या मातीच्या रस्त्यावर ते लवकर चोंदते. मग गाडी धापा टाकते आणि पेट्रोल जास्त पिते. स्पंजचे फिल्टर धुता येते. कागदाचे मात्र धुऊ नका. त्यातही तेल लावलेल्या कागदाचे असेल तर ते झटकायचेही नाही, वेळ झाली की बदलायचे. तुमच्या गाडीत कोणते आहे, ते एकदा गॅरेजात विचारून ठेवा.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली असेल तर गाडी बंद करून ती पुसून घ्या. हाताला लागली तर हात धुवा. क्लचची आणि ब्रेकची वायर टोकाशी बघा. एक तार जरी तुटून कुसळासारखी वर आली असेल तरी वायर बदला. उरलेल्या तारा वाटेत तुटतात, घरी तुटत नाहीत. शेवटी पुढचा दिवा, मागचा लाल दिवा आणि हॉर्न बघा. रात्री उसाच्या ट्रॉलीवाल्याला तुमचा लाल दिवाच दिसतो. तुम्ही दिसत नाही.

मंडळी, एवढे सगळे लक्षात कसे ठेवायचे? लक्षात ठेवायचेच नाही. लिहून ठेवायचे. तुम्ही लिहायला शिकलात ना? मग चार आण्यांची नाही तर चार रुपयांची, एक लहान वही गाडीसाठी करा. तीत तारीख लिहा. मीटरवरचा आकडा लिहा. आणि काय केले ते लिहा. "ऑईल बदलले." "चेनला वंगण केले." "मागचे टायर नवे." एवढेच पुरे. पुढच्या खेपेला गॅरेजात कोणी म्हणाला, "ऑईल बदलायला झालंय," तर वही उघडा आणि आकडा दाखवा. मी स्वतः गॅरेजवाला असून सांगतो. ज्याच्याजवळ वही आहे, त्याला कोणी फसवत नाही.

गाडीबरोबर मिळालेले पुस्तकही शोधून काढा. ते पेटीच्या तळाशी पडलेले असेल. पुस्तक मराठीत नसेल तर शब्द शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. आकडे तर तुम्हाला वाचता येतातच. हवेचा आकडा, ऑईलचा आकडा, चेनचा आकडा. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

त्या दूधवाल्या भाऊंच्या घरी आता अशी वही आहे. भाऊंना लिहिता येत नव्हते. बायकोलाही येत नव्हते. नट सापडला त्या वर्षी ती शेजारच्या गावच्या वर्गाला जाऊ लागली. वही तिच्या अक्षरात आहे. अक्षर वाकडेतिकडे आहे, पण एकही तारीख चुकलेली नाही. भाऊ पहाटे निघताना ती आजही एकदा चाकाकडे वाकून बघते. मग किल्ली देते.

तुम्हीही घरी गेल्यावर तेवढे करा. उद्या धुवा, परवा धुवा. पण धुताना बघा.